त्रेसष्ट चौकोन आणि कपाटावरची पिशवी

मावशी, मी डिचोलीची, वय ३६, नोकरी आणि घर सांभाळून शिवणाची आवड जपते. गेल्या वर्षी आजी (आईची आई) गेली, तिच्या नऊ सुती साड्या आईने माझ्याकडे दिल्या आणि मी भरात येऊन ठरवलं की आईच्या साठीला ह्यांचीच पॅचवर्कची गोधडी करून द्यायची. यूट्यूबवर बघून साडेतीन इंचाचे तुकडे कापले, चार तुकड्यांचा एक चौकोन, असे ८० चौकोन, आठ-आठच्या दहा रांगा. त्यातले ६३ झाले, सात रांगा जोडल्या आणि आता एक रांग दुसरीला जुळेल तर शपथ, कुठली ४७ इंच तर कुठली साडेअठ्ठेचाळीस. एक रांग चार वेळा उसवली, पाचव्या वेळी कापडच फाटलं. तेव्हापासून म्हणजे जुलैपासून सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकलंय. परवा काढून बघितलं तर कुबट वास, आणि निळ्याचा रंग पांढऱ्यावर उतरलाय. नवरा म्हणतो म्हापशाच्या बाजारात आयती मिळेल. आई दर फोनला विचारते, झाली काय गो? साड्या तर कापून बसले, काठसुद्धा कापून वेगळ्या पिशवीत भरलेत कारण व्हिडिओत प्लेन कापड घ्या म्हणाले होते. साठी जानेवारीत आहे. सोडून देऊ का? मला पेशन्सच नाही बहुतेक.
— अर्धीमुर्धी, डिचोली

अगो बाय,

२५२ तुकडे कापून शिवणाऱ्या बाईला पेशन्स नाही म्हणायचं असेल तर मग पेशन्स कशाला म्हणतात ते तरी सांग मला. ६३ गुणिले ४, मी मुद्दाम कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. वर एकच रांग चार वेळा उसवलीस. मला तर वाटतं तुझ्याकडे पेशन्स गरजेपेक्षा जास्तच आहे आणि तो भलत्या जागी खर्च होतोय, कारण तू जिथे उसवत बसलीयेस तिथे चूक नाहीचे मुळात.

आधी हिशोब करू, वैताग बाजूला ठेव पाच मिनिटं. तुझ्या एका रांगेत आठ चौकोन म्हणजे लहान तुकडे १६, आणि १६ तुकडे जोडायला शिवणी १५. सोळा साडेतीन छप्पन्न. एका शिवणीत दोन्ही बाजूंचा पाव-पाव मिळून अर्धा इंच जातो, पंधरा अर्धे साडेसात, छप्पन्नातून साडेसात गेले की उरतात साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे तुझी साडेअठ्ठेचाळीसवाली रांग अगदी परफेक्ट आहे, आणि मला दाट संशय आहे की तू तीच उसवत होतीस, कारण ती बाकीच्यांपेक्षा लांब दिसते!

आता ४७वाली. ती दीड इंच कमी. सुतार आणि जुने शिंपी इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात, तर दीड इंच म्हणजे बारा सूत. बारा सूत पंधरा शिवणींत वाटले तर एका शिवणीच्या वाट्याला पुरतं एक सूतसुद्धा येत नाही, आणि शिवणीला दोन बाजू, म्हणजे एका बाजूला तू फक्त सव्वा मिलिमीटर जास्त आत गेलीस. नखाची वाढलेली पांढरी कड असते ना, तेवढं. तुझ्या जागी कोणीही गेलं असतं. एका शिवणीत दिसत नाही, पंधरा शिवणींत दीड इंच होऊन समोर उभं राहतं, आणि मग आपण शेवटच्या दोन चौकोनांना दोष देऊन तेच उसवत बसतो. मी फोंड्याला घरातच २६ वर्षं शिवणक्लास चालवला, त्यात निदान निम्म्या मुली ह्याच जागी रडकुंडीला आलेल्या बघितल्यात. ब्लाउजमध्ये असली सव्वा मिलिमीटरची चूक कोणाला कळत नाही म्हणून चांगलं शिवणाऱ्या बायकाच पॅचवर्कला जास्त वैतागतात, हे पण सांगून ठेवते.

आता तुला पुढे शिवायचं किती उरलंय ते नंतर सांगते (थोडंच आहे, दम धर), पण मशीनवर बसण्याआधी एक टेस्ट कर. रद्दी कापडाच्या अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काप, एकमेकींना जोड, इस्त्री मार आणि मोज. सगळं मिळून साडेसहा इंच भरायला हवं आणि मधली पट्टी बरोब्बर दोन. मधली पावणेदोन आली तर तू जास्त आत शिवतेयस. बहुतेक येईलच, कारण शिवण उलगडून इस्त्री केली की घडीतच धागाभर कापड खाल्लं जातं, म्हणून पॅचवर्कवाल्या बायका पाव इंचालाही केसभर कमीच शिवतात. व्हिडिओत हे सांगत नाहीत, किंवा सांगतात पण इतकं भरभर की आपलं लक्ष तेवढ्यात कुकरच्या शिट्टीकडे गेलेलं असतं. टेस्ट जमली की मेडिकलवाल्याकडे ती पांढरी कागदी चिकटपट्टी मिळते ना, जखमेवर बँडेज चिकटवायची, ती मशीनच्या पत्र्यावर सुईपासून तेवढ्याच अंतरावर सरळ चिकटव, दोन-तीन थर एकावर एक, म्हणजे बोटाला कड लागते आणि कापड तिला टेकवून नुसतं पुढे सोडत राहायचं. सुईकडे बघायचं नाही, पट्टीकडे बघायचं. आणि सुई बदल. कधी बदललीस शेवटची? तेच म्हटलं. जुन्या मऊ सुती साडीला १४ नंबरची नवी सुई घाल, साडी फारच विरलेली असेल तर ११.

पण खरी भानगड कापडाची आहे असं मला वाटतं. तुझ्या व्हिडिओतल्या बाईच्या हातात दुकानातनं आणलेलं नवं कोरं, कडक, घट्ट विणीचं कापड होतं, आणि तुझ्या हातात आजीच्या चाळीस-पन्नास वेळा नव्हे, हजार वेळा धुतलेल्या साड्या आहेत. त्या कापडात जीव मऊ झालेला असतो, हात लावला की सरकतं, जरा तिरपं धरलं की ताणलं जातं, साडेतीनचा चौकोन कापून टेबलावर ठेवला आणि फॅन लावला तरी त्याचा पतंग होतो. त्याला व्हिडिओतल्यासारखं कोपऱ्याला कोपरा जुळवायला लावणं म्हणजे ऐंशी वर्षांच्या म्हातारीला कवायत करायला लावण्यासारखं आहे. करेल बिचारी, पण आधी काहीतरी आधार दे. तो आधार आपल्या घरात रोज असतो, पेज! पेजेवरची निवळ गाळून घे, तितकंच पाणी घाल, उरलेले सुटे चौकोन त्यात बुडवून पिळून सावलीत वाळव आणि थोडे दमट असतानाच इस्त्री कर. कागदासारखे होतात. इस्त्री पण घासत न्यायची नाही, उचलून ठेवायची, उचलून ठेवायची, घासलीस की चौकोनाचा परत पतंग. एवढंच लक्षात ठेव की खळीच्या कपड्याला कसर लवकर लागते आणि आपल्याकडे पावसात बुरशी तर आमंत्रणाची वाटच बघत असते, म्हणून गोधडी पूर्ण झाली की एकदा स्वच्छ धुऊन खळ काढून टाकायची.

मग त्या सात रांगांचं काय, हाच तुझा खरा प्रश्न. दीड इंचाचा फरक ओढून-ताणून जुळत नाही, अर्धा इंच असता तर मी म्हटलं असतं की लांब रांग खाली दात्यांच्या बाजूला ठेव, टाचण्या मार आणि शीव, मशीनचे दाते खालचं कापड थोडं जास्त खातात, तेवढं जिरतं. दीड इंच जिरवायला गेलीस तर चुण्या पडतील आणि त्या चुण्या आईला नाही दिसल्या तरी तुला आयुष्यभर दिसतील. तर ह्या रांगा एकमेकींना जोडूच नकोस.

तुझ्या पत्रात उत्तर तूच लिहिलंयस, साड्यांच्या दुःखात ते तुला दिसलं नाही. काठ. काठ कापून वेगळ्या पिशवीत भरलेत म्हणालीस ना, ते वाचून मी खुर्चीतनं उठलेच. आता दोन रांगांच्या मधे एक आडवी पट्टी घाल, आजीच्या साडीच्या काठाची. पट्टी मधे आली की वरच्या रांगेचा कोपरा खालच्या रांगेच्या कोपऱ्याला भेटतच नाही, मग जुळला काय आणि नाही जुळला काय! आणि काठच का, तर साडीचा काठ साडीच्या लांबीने जातो म्हणजे त्यात उभा धागा असतो, मागावर ताणून बसवलेला, आणि ह्या दिशेला कापड सगळ्यात कमी ताणलं जातं. वर काठाची वीण बहुतेक साड्यांत पोटापेक्षा घट्ट, त्यामुळे साडीचं पोट विरलं तरी काठ शाबूत राहतो, आपल्या आज्या काठ काढून दुसऱ्या साडीला लावायच्या ते काय उगाच. तुझ्या मऊ रांगांना दोन्ही बाजूंनी असा आधार मिळाला की त्या सरळ राहतात.

आता हातात कागद घे. सात रांगा म्हणजे ५६ चौकोन झालेले. सुटे ७. आठवी रांग करायला लागतात ८. म्हणजे तुला फक्त एक चौकोन कमी आहे. आता आठ रांगा प्रत्येकी सहा इंच, झाले ४८, आणि मधल्या सात पट्ट्या शिवून झाल्यावर दोन-दोन इंचांच्या, त्याचे १४, एकूण ६२. तुझ्या दहा रांगांची गोधडी होणार होती ६० इंचांची! बाकीचे सोळा चौकोन करायचेच नाहीयेत. मी हा हिशोब तीनदा केला, मलाच खरं वाटेना.

काठ पुरतील का, पुरतील. सगळ्या रांगा ४७ला कापून घे, लांब रांगेच्या दोन्ही टोकांनी सारखं सारखं छाट, एकाच टोकाने छाटलंस तर ते डोळ्याला टोचतं. टोकाचा चौकोन पाऊण इंचाने लहान झालेला कोणालाही कळणार नाही, पैज. ४७ इंचाच्या सात पट्ट्या म्हणजे ३२९ इंच, साधारण साडेआठ मीटर, आणि साडेपाच मीटरच्या एकाच साडीचे दोन्ही काठ मिळून अकरा मीटर होतात. तू नऊ साड्यांचे काठ घेऊन बसलीयेस. चांगले निवड, विटलेला भाग सोड, हवं तर प्रत्येक पट्टी वेगळ्या साडीची घे. अडीच इंच रुंद कापायची, काठ तेवढा रुंद नसेल तर खाली मांजरपाटाची पट्टी घेऊन त्यावर काठ टीप मारून बसव, पण मांजरपाट आधी गरम पाण्यात भिजवून धुऊन घे, तो आटतो आणि नंतर आटला की सगळी मेहनत चुरगळून टाकतो.

एक मात्र पाळायचं. सातही पट्ट्या आधी ४७ला मोजून कापून ठेवायच्या आणि मग रांग पट्टीला जुळवायची. आधी पट्टी शिवून मग उरलेलं शेपूट कापायचं नाही, तसं केलंस तर प्रत्येक पट्टी आपापल्या रांगेइतकी वेडीवाकडी होईल आणि येरे माझ्या मागल्या. पट्टीचा मध्य आणि रांगेचा मध्य टाचणीने पकड, मग दोन टोकं, मग त्यांच्या मधले मध्य.

चार वेळा उसवून फाटलेल्या रांगेबद्दल. जुनं सुती कापड दोनदा उसवणं सहन करतं, तिसऱ्यांदा सुईच्या भोकांची जाळी होते, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं त्यात तुझा काय दोष. फाटलेल्या तुकड्याच्या मागून मऊ मलमलीचा तुकडा लाव आणि वरनं हाताने धावदोरा घालून बसवून टाक. ठिगळ लावायला लाजायचं काय, सगळी गोधडीच ठिगळांची आहे. ह्यापुढे उसवायचं कधी, तर चौकोनाच्या आतले कोपरे एक सूत चुकले तर हात लावायचा नाही, दोन सुतांपेक्षा जास्त चुकले तरच, आणि तेव्हाही अख्खी शिवण नाही, कोपऱ्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून दीड इंच. दर चौथा टाका कापायचा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढायचा, आपोआप निघतो, कापडाला ओढ बसत नाही. आणि रात्री नऊनंतर उसवायचं नाही. हा नियम माझा स्वतःचा, पैसे देऊन शिकलेला.

सांगतेच आता निघालंय तर. माझी पहिली मोठी वाकळ, लग्नानंतर सासरी नाव काढायच्या हौसेने घेतलेली, धो धो पाऊस, लाइट गेलेली, कंदिलाच्या उजेडात पलंगावर पसरून मी भराभर कच्चे टाके घातले, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी उचलायला गेले तर पलंगावरची चादर पण बरोबर उचलली गेली. सगळी शिवून टाकली होती मी, चारी बाजूंनी, नीट, सरळ टाक्यांत. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, आत जाऊन पोय आणि चहा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसून त्याही उसवायला लागल्या. ती वाकळ मग तीन महिने माळ्यावर होती, तेव्हा तुझी कपाटावरची पिशवी मला चांगली कळते. पिशवी नजरेसमोर नसली की बरं वाटतं आणि रात्री डोळा लागायच्या वेळी बरोब्बर आठवते.

त्या पिशवीला आता खाली काढ. प्लास्टिक आपल्या हवेत कापडाचा शत्रू आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, त्यात बंद पिशवीत आतला दमटपणा आतच. सगळं बाहेर अंगणात नेऊन (घरात झटकू नकोस, बुरशी घरभर) ब्रशने झाड, एक दिवस कडकडीत ऊन दे, मग धू, मग परत ऊन. चवथ झाली, आता मधेमधे ऊन पडतंय, तो दिवस पकड. पुढे ठेवताना जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेव.

निळ्याचा डाग आहे त्यावर इस्त्री अजिबात फिरवू नकोस, उष्णतेने तो बसतो. मोठी बादली भरून गार पाण्यात ती रांग एकटीच सोड, पाणी भरपूर हवं म्हणजे सुटलेला रंग परत कापडावर बसत नाही, पाणी निळं झालं की बदल, असं निवळ येईपर्यंत. मिठाने रंग पक्का होतो म्हणून सगळे सांगतात, मी पण वर्षानुवर्षं मूठमूठ मीठ घातलं, मला काडीचा फरक दिसला नाही. डाग नाहीच गेला तर काठातली एखादी कोयरी कापून त्यावर बसव, लोक म्हणतील काय डोकं लावलंय.

वरचा भाग झाला की पुढचं सोपं आहे आणि ते मशीनवर नको, हाताने कर. मधे कापूस नको, ते पॉलिएस्टरचं पांढरं फुगीर तर नकोच नको, आपल्याकडे जानेवारीत पण रात्री वीस डिग्रीच्या आसपास असतं, आई गोधडी घेईल आणि पंखा पाचवर करेल. मधे आजीच्याच एखाद्या साडीचं उरलेलं पोट दोन थर, खाली धुतलेला मांजरपाट चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा. जमिनीवर पसर, फरशीला कडा चिकटपट्टीने लाव (पलंगावर नाही!), आणि मधून बाहेरच्या दिशेने वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. मग धावदोरा, टाका उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा, बोटात अंगुस्तान घाल नाहीतर आठवड्यात बोटाची चाळण होईल. रेषा आखायला नकोत, काठाच्या दोन्ही कडांनी शिवत जा, सात पट्ट्यांच्या १४ ओळी झाल्या आणि मधल्या आठ रांगांत दोन-दोन म्हणजे १६, एकूण ३०. एक ओळ अर्ध्या-पाऊण तासाची, टीव्हीसमोर बसून होते. पोरं नरकासुर जाळतात त्या पहाटेपर्यंत तू वरचा भाग उरक, म्हणजे दिवाळीनंतर दिवसाला एक ओळ धरली, मधे चार लग्नं आणि एक जत्रा धरली, तरी नाताळाच्या आत गोधडी होते. शेवटी खालचा मांजरपाट वर दुमडून हातशिलाई. बस.

तुला एक गोष्ट सांगायचीये ती इथेच सांगते. आपल्या शेजारी, घाट चढून गेलं की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागात सिद्दी लोक राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं आणि कितीतरी जण इथून पळून त्या जंगलात गेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी करतात, कवंदी म्हणतात तिला, आणि ती मोजून कापून जोडत नाहीत. खाली एक साडी पसरायची, कडेपासून सुरुवात करायची, हाताला येईल तो तुकडा कड दुमडून ठेवायचा आणि धावदोऱ्याने शिवत शिवत गोल गोल आत मध्याकडे यायचं. तुकडा लहान पडला तर शेजारी दुसरा. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घातलेली त्रिकोणी फुलं लावतात. मी पहिल्यांदा एक हातात घेऊन बघितली तेव्हा मला रागच आला, इतकी वर्षं मी पोरींना पाव इंच पाव इंच करत डोकं खाल्लं होतं! तुझी गोधडी तशी करच असं नाही, तू चौकोन केलेत ते चांगलेच आहेत. पण पुढच्या वेळी साड्या कापण्याआधी एकदा तिकडे जाऊन ये, आणि ती फुलं मात्र ह्याच गोधडीला लाव, काठाचे उरलेले तुकडे आहेतच.

नवऱ्याला काही बोलू नकोस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आयती मिळते हे खरंच आहे, त्याला जाऊन घेऊन ये म्हणावं एक, पाहुण्यांना होईल.

आणि साड्या कापल्याचं जे लागलंय मनाला, पत्रात अर्धी ओळ लिहिलीयेस पण सगळं पत्र त्याच ओळीभोवती फिरतंय. प्रत्येक वाकडा कोपरा तुला आजीचा अपमान वाटतो म्हणून तू चारचार वेळा उसवतेस. तुझी आजी मला माहीत नाही, पण त्या पिढीतली कुठली बाई जुनी साडी कापताना दोनदा विचार करायची? साडी विरली की दुपटं, दुपटं फाटलं की पोछा, शेवटी चुलीशी भांडं उतरवायचं फडकं. तू तर गोधडीपर्यंतच आलीयेस.

राहिला तो चौसष्टावा चौकोन. तो तू करू नकोस. आज आईचा फोन आला आणि झाली काय गो म्हणाली की सांग, नाही झाली, एक चौकोन तुझ्यासाठी ठेवलाय. सरप्राइज वगैरे राहू दे, ती दर फोनला विचारते म्हणजे तिला सगळं माहीतच आहे. चार तुकडे, सुई, पांढरा दोरा एवढं घेऊन रविवारी तिच्याकडे जा, कुठली साडी आजीने कधी नेसली होती ते ती शिवता शिवता सांगेल, तेवढं ऐक. तुकडे मात्र साडेतीनचे देऊ नकोस, चार-चार इंचाचे काप, म्हणजे तिने कसंही शिवलं तरी घरी आणून साडेसहाला छाटता येईल.

— तुझी मावशी, फोंडा